एसी विकता, तसा तो भिंतीवर कोण लावतो याचाही जबाब द्या

प्रति,
कोल्हापूर शहरात घरगुती एसी आणि गीझर विकणारे, जोडून देणारे व दुरुस्त करणारे सर्व दुकानदार आणि कंत्राटदार

नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आला की राजारामपुरीपासून लक्ष्मीपुरीपर्यंत तुमचे फलक झळकायला लागतात. शून्य टक्के व्याज, जुना द्या नवा न्या, आणि खाली ठळक अक्षरांत ‘फ्री इन्स्टॉलेशन’. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. पूर्वी ज्यांनी विचारही केला नसता अशी घरंसुद्धा आता तुमच्या दुकानाची पायरी चढतात. त्याचा आनंदच आहे. तक्रार आहे ती या फुकट जोडणीबद्दल, आणि ती चारचौघांत मांडायची म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

स्प्लिट एसी खोक्यातून पूर्ण होऊन येत नाही, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे. कारखान्यात तपासलेले दोन भाग येतात. त्यांना जोडणारी तांब्याची नळी, नळीचे फ्लेअर म्हणजे जोडासाठी पसरवलेली टोकं, त्यातली हवा काढणं, वीज आणणारी वायर, बाहेरच्या मशिनचा स्टँड हे सगळं आमच्या घरात, आमच्या भिंतीवर तयार होतं. म्हणजे निम्मा एसी तुमचा पाठवलेला माणूस बनवतो. आणि त्या माणसाचं पूर्ण नावसुद्धा बिलावर नसतं.

मी राजारामपुरीत राहते. फ्लॅट शेवटच्या मजल्यावर, वर उघडा स्लॅब, पश्चिमेची भिंत दिवसभर तापलेली. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ते अंथरुणावरच असतात. उठून बसवायलाही दोन माणसं लागतात. पाठीला जखमा होऊ लागल्या तेव्हा डॉक्टरांनी खोली थंड आणि कोरडी ठेवा म्हणून सांगितलं. त्यासाठी एसी घेतला. शहरातल्या एका नावाजलेल्या दुकानातून, दीड टनाचा, पक्क्या बिलावर.

लावायला कोण येणार, त्याच्याकडे लायसन्स आहे का, हे मी काउंटरवर विचारलं होतं. ‘आमची नेहमीची माणसं आहेत, लायसनवाली’ असं उत्तर मिळालं. दोन पोरं आली. मोठा असेल पंचविशीचा. त्याच्याकडेही कागद मागितला तर त्यानं मोबाइलवर शॉप ॲक्टचा, म्हणजे दुकान नोंदणीचा, कागद दाखवला. खोलीत एसीचा वेगळा पॉइंट नव्हता, तेव्हा शेजारच्या बोर्डातून लाइन ओढली, वर पांढरी केसिंग पट्टी मारली, आणि संध्याकाळपर्यंत खोली गार झाली. सासरे बऱ्याच महिन्यांनी त्या रात्री सलग झोपले, हेही इथं सांगायला हवं.

पुढं एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच, पडायला लागला. फोन केला तर त्यातलाच एकजण आला, बॉक्स उघडला, १६ ॲम्पिअरचा एमसीबी काढून ३२ चा बसवला आणि म्हणाला, ‘आता न्हाई पडायचा वैनी, बिनघोर लावा.’

खरंच पडला नाही. एका रात्री मुलीला जळक्या प्लास्टिकचा वास आला. खोलीत गेलो तर पलंगाच्या डोक्याशी केसिंग पट्टी वितळून गादीच्या कडेवर ठिबकत होती आणि भिंतीवर काळा पट्टा चढत होता. मुलीनं मेन स्विच पाडला. आम्ही सासऱ्यांना चादरीसकट उचलून बाहेरच्या खोलीत आणलं. ते स्वतः हलू शकत नाहीत, त्यांना ओरडताही नीट येत नाही. ती रात्र आमच्या घरातून अजून गेलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळवार पेठेतले एक परवानाधारक वायरमन आले. त्यांनी उरलेली पट्टी उचकटून मला जोड दाखवला. ट्यूबलाइट आणि पंख्याच्या दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीला एसीची वायर नुसती पिळलेली, वर काळी टेप. दीड टनाचा एसी चालू असताना साधारण सात-आठ ॲम्पिअर ओढतो, तासन् तास ओढतो, त्यातच पंखा, दिवे आणि सासऱ्यांच्या हवेच्या गादीचा पंप. एसीला मेन बोर्डापर्यंत थेट वेगळी लाइन हवी, चार चौरस मिलिमीटरची, स्वतंत्र एमसीबी आणि पक्कं अर्थिंग. आणि एमसीबी पडत होता तो बिघडला म्हणून नव्हे, लाइनवर बेताबाहेर भार येतो आहे हे सांगायला पडत होता. एमसीबी वायरीच्या बेतानं निवडायचा असतो. ३२ चा बसवल्यावर वायर जळेपर्यंत त्याला पडायचं कारणच उरलं नाही.

दुकानात गेले तर उत्तर मिळालं, तो आमचा पगारी माणूस नाही, बाहेरचा आहे. कंपनीच्या हेल्पलाइनला त्या जोडणीची नोंदच सापडेना. तो मुलगा म्हणाला, व्होल्टेज वरखाली झालं असेल. तिघांपैकी कोणीही उद्धटपणे बोललं नाही. चहासुद्धा विचारला. फक्त जबाबदारी कोणाची, या प्रश्नावर प्रत्येकानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं. बिलावर एसीचा मॉडेल नंबर आहे, सीरियल नंबर आहे. जोडणी कोणी केली, काय काय केलं, याची एक ओळ नाही.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

सगळ्यात आधी परवान्याची. ‘लायसन्स आहे’ असं सांगून जो कागद दाखवला जातो तो बहुतेक वेळा शॉप ॲक्टचा किंवा उद्यम म्हणजे लघुउद्योग नोंदणीचा असतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. उद्यम नोंदणी स्वतःच्या जाहीर निवेदनावर होते. धंदा अस्तित्वात आहे एवढंच हे कागद सांगतात. हातात पक्कड धरायची अक्कल आहे की नाही याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. विजेच्या कामाचा परवाना वेगळा असतो. विद्युत ठेकेदाराला, पर्यवेक्षकाला आणि तारतंत्रीला म्हणजे वायरमनला राज्य शासनाच्या ऊर्जा विभागाचं अनुज्ञापक मंडळ तो देतं. त्यावर नंबर असतो, मुदत असते. ग्राहक लायसन्स मागतो तेव्हा त्याला हा कागद हवा असतो, आणि हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

कायद्यानं या परवान्याची सक्ती आहे का, असं मला दुकानात ऐकवण्यात आलं. आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा आणि वीजपुरवठ्याविषयीचे नियम आधी २०१० चे होते, आता २०२३ चे आहेत. दोन्हींत एकच सूत्र आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच किंवा २५० व्होल्टपर्यंतचं घरगुती उपकरण जसंच्या तसं बदलायचं असेल आणि त्यानं जोडणीची क्षमता वा स्वरूप बदलत नसेल, तर त्याला सूट. त्यापलीकडचं काम, म्हणजे नवी लाइन ओढणं, भर घालणं, फेरफार करणं, हे परवानाधारक ठेकेदारानं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्याच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या माणसाच्या हातूनच व्हायला हवं. जुन्या एसीच्या जागी त्याच पॉइंटवर नवा लावणं वेगळं, आणि ज्या घरात एसीची लाइनच नाही तिथं ती ओढणं वेगळं. कोल्हापुरातल्या जुन्या अपार्टमेंटमधल्या बहुतेक घरांचं काम दुसऱ्या प्रकारचं असतं. तुमच्याकडून पहिल्यांदाच एसी नेणारं जवळपास प्रत्येक घर यात मोडतं.

नवं मीटर घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. त्याच घरात पुढं दोन एसी आणि एक गीझर चढतो, मंजूर भार, म्हणजे वीज कंपनीनं त्या मीटरला ठरवून दिलेली मर्यादा, तोच राहतो, आणि पुन्हा कोणीही काही तपासत नाही. भार वाढवून घ्या, हे एक वाक्य विक्रीच्या वेळी काउंटरवरून का सांगितलं जात नाही? ग्राहक बिचकेल, एवढंच त्याचं कारण असावं असं मला वाटतं.

दुसरी तक्रार गॅसची. इथं मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण वायर निदान डोळ्यांना दिसते. गॅसचं काम कोणी कसं केलं हे ग्राहकाला कधीच कळत नाही.

नळ्या जोडून झाल्यावर त्यातली हवा आणि दमटपणा व्हॅक्यूम पंप लावून ओढून घ्यायचा असतो, गेजवर ५०० मायक्रॉनच्या (हे पोकळी मोजायचं माप) आसपास येईपर्यंत, आणि मग तो टिकतो का हे थांबून पाहायचं असतं. आमच्याकडे आलेल्या पोरांकडे पंपच नव्हता. त्यांनी आउटडोअरचा व्हॉल्व्ह किंचित उघडून गॅसनंच हवा फुसकन बाहेर काढली आणि नट आवळला. तेव्हा मला वाटलं असंच असतं. नंतर माहीतगारांनी सांगितलं की आत राहिलेल्या ओलीनं कॉम्प्रेसरच्या तेलात आम्ल तयार होतं आणि वॉरंटी संपायच्या सुमाराला कॉम्प्रेसर बसतो. मग ग्राहक कंपनीला शिव्या घालतो.

आज दुकानांत असलेल्या बहुतेक घरगुती एसींत आर-३२ हा गॅस असतो. तो सौम्य का होईना, पण ज्वलनशील आहे. काही मॉडेलांत आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो, तो तर आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाच सख्खा भाऊ. आर-२२ या जुन्या गॅसवर हात बसलेला मिस्त्री गेज बघून अंदाजानं गॅस सोडायचा, ती सवय इथं चालत नाही. नव्या गॅसला वजनकाटा लागतो. गॅस पूर्ण काढून, नळीत नायट्रोजन सोडूनच ब्रेझिंगची, म्हणजे नळी तापवून सांधायची, ज्योत पेटवावी लागते. गळती तपासायला नायट्रोजनच वापरायचा असतो. हाताशी आहे म्हणून वेल्डिंगच्या सिलिंडरमधला ऑक्सिजन भरायचा नसतो, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आलं की स्फोट होतो. आत हवा शिरलेली असताना कॉम्प्रेसर चालवून गॅस परत ओढू पाहिला तरी तेच. असे अपघात होतात आणि त्यात आधी जातो तो मशिनसमोर बसलेला पोरगा.

अमेरिकेत शीतक गॅस हाताळणाऱ्याला पर्यावरण संरक्षण संस्थेच्या नियमाखालचं ‘६०८’ प्रमाणपत्र घ्यावंच लागतं. आपल्याकडे एसीच्या मेकॅनिकला वायरमनसारखा सक्तीचा सरकारी परवाना नाही. पण शिक्षण आहे. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारनं जाहीर केलेल्या ‘इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन’मध्ये २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. तेव्हा ‘कोणाला विचारायचं, काय मागायचं’ हा प्रश्न उरत नाही.

याला लागूनच दरवर्षीच्या ‘गॅस कमी झालाय’चं प्रकरण आहे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळीत तोच तो फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठंतरी गळती आहे. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरून पैसे घेणं हा प्रकार शहरात सर्रास चालतो आणि वयस्क माणसं एकटी राहतात त्या घरांत जास्त चालतो. ज्यांच्यासोबत हे होतं त्यांना आपण फसलो हेही कळत नाही. मला हे सगळ्यात जास्त लागतं.

गीझरबद्दल थोडकं लिहिते, पण त्याचं गांभीर्य थोडं नाही. आपल्याकडे थंडीत घर तापवायला हीटर कमी, आंघोळीच्या पाण्याला गीझर मात्र घरोघरी. गॅस गीझर लहानशा, बंद बाथरूममध्ये टांगला जातो, कारण नळाला लांब पाइप ओढायला नको. थंडीत झरोकाही पुठ्ठा लावून बंद केलेला असतो. ज्योतीला हवा पुरली नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आत गेलेलं माणूस हाक न मारता कोसळतं. महाराष्ट्रात अशा मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. तरीही ग्राहकानं सांगितलं म्हणून बाथरूमच्या आत गीझर टांगून देणारे हात या शहरात आहेत. विजेच्या गीझरला प्रेशरचा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो ठिबकतो म्हणून बूच मारून बंद केलेला मी स्वतः शेजारच्या घरात पाहिला. थर्मोस्टॅट अडकला तर ती टाकी कशी फुटेल, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि पूर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, नागाळा पार्क, सुतारवाड्याच्या घरांत शिरलं. पाणी ओसरल्यावर जमिनीलगत बसवलेले आउटडोअर धुऊन, उन्हात ठेवून पुन्हा चालू करून देण्यात आले. अशा मशिनला वीज देण्याआधी मेगर हे यंत्र लावून इन्सुलेशन, म्हणजे वीज बाहेर झिरपत नाही ना, हे तपासायचं असतं. ज्या गल्लीत पाणी येतं हे गावाला माहीत आहे, तिथं नवं मशिन जमिनीपासून फुटभरावर बसवणारा माणूस कोल्हापूरचा असूच कसा शकतो?

एक गोष्ट मात्र स्पष्ट करायला हवी. माझा राग त्या पोरांवर नाही. आमच्या इमारतीत आउटडोअर लावताना त्यातला धाकटा चौथ्या मजल्याच्या छज्जावर पायातल्या स्लिपरसह उभा होता. कमरेला पट्टा नाही, दोर नाही. एका हातानं खिडकीचा गज धरलेला आणि दुसऱ्या हातावर तीस-पस्तीस किलोच्या मशिनचा भार. मी पट्ट्याबद्दल विचारलं तर म्हणाला, शेट देत न्हाईत. दिवसाला चार-चार ठिकाणी धावायचं, नगावर पैसे मिळायचे, शिकायला कोणी पाठवायचं नाही. अशानं चुका होणारच. व्हॅक्यूमला लागणारा अर्धा तास त्याला परवडत नाही, कारण तो अर्धा तास तुम्ही त्याला देत नाही. फुकट जोडणीचा खर्च शेवटी कोणीतरी भरतोच. कधी तो छज्जावर भरतो, कधी माझे सासरे अंथरुणावर.

तुमची बाजू मी ऐकली आहे. गिऱ्हाईकालाच स्वस्तात पाहिजे असतं, चार चौरस मिलिमीटरच्या वायरीचा खर्च सांगितला की ते शेजारच्या दुकानात जातं. परवान्याची माणसं सीझनमध्ये मिळत नाहीत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण पहिली अडचण तुम्ही सगळ्यांनी मिळून एकच नियम पाळला तर संपते. शहरातली दुकानं एकमेकांना ओळखतात, संघटना आहेत, बैठका होतात. आणि माणसं मिळत नाहीत हे कोल्हापुरानं म्हणावं? उद्यमनगरच्या शेडमध्ये ऑइल इंजिनं तयार करणारं, फौंड्रीचं कास्टिंग घासून-तपासून देशभर पाठवणारं हे गाव आहे. कळंब्याला शासकीय आयटीआय आहे. हातात कसब असलेली पोरं इथं वाढतात, त्यांना शिकवून, कागद मिळवून देऊन, बरा दाम देऊन ठेवायचं की नाही एवढाच प्रश्न आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

जोडणीला येणाऱ्या माणसाचं पूर्ण नाव आणि त्याची पात्रता, आणि विजेचं काम करणाऱ्या ठेकेदाराचा परवाना क्रमांक बिलावर छापा. माणूस पगारी असो वा बाहेरचा, पाठवलात तुम्ही, तेव्हा त्याच्या कामाची हमी दुकानाच्या शिक्क्यानं द्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं सदोष वस्तू आणि सदोष सेवेमुळे झालेल्या हानीबद्दल उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा या तिघांनाही जबाबदार धरण्याची सोय केलेली आहे. तुम्ही लेखी दिलं नाहीत तरी ही जबाबदारी टळत नाही, फक्त ग्राहकाला ती सिद्ध करायला जास्त झगडावं लागतं.

विक्री करण्याआधी घर बघा. खोलीचं माप, वर स्लॅब आहे का, कोणत्या दिशेची भिंत, बोर्डापासून अंतर, मीटरचा मंजूर भार, अर्थिंग. सगळ्यांना सरसकट दीड टन विकू नका. आणि वायर, स्टँड, जादा नळी, भिंतीचं होल यांचा खर्च पैसे घेण्याआधी लेखी सांगा. एसी भिंतीवर चढल्यानंतर नको.

काम झाल्यावर एक पानी कागद द्या: वायर कोणत्या मापाची, एमसीबी किती ॲम्पिअरचा, अर्थिंग तपासलं का, व्हॅक्यूम किती वेळ आणि किती मायक्रॉनपर्यंत, कोणता गॅस, भरला असेल तर किती ग्रॅम. दुरुस्तीत गॅस भरला तर गळती कुठं होती तेही.

गॅस गीझर बाथरूमच्या आत लावायला ठाम नकार द्या. गिऱ्हाईक रागावलं तरी.

उंचीवर चढणाऱ्या प्रत्येक पोराला सेफ्टी बेल्ट आणि विमा. याला कोणतीही सबब नको.

ज्यांच्याकडे अधिकार आहेत त्यांनाही याच पत्रातून विनंती. विद्युत निरीक्षक कार्यालयानं शहरातल्या परवानाधारक ठेकेदारांची, मुदत तपासलेली यादी महापालिकेच्या चारही विभागीय कार्यालयांत लावायला द्यावी. महापालिका नळजोडणीसाठी प्लंबरला परवाना देते, तशीच एसी आणि गीझर जोडणाऱ्यांची निदान ऐच्छिक नोंदणी सुरू करावी. ज्यांनी आयटीआय केलं आहे किंवा अनुभवावर प्रमाणपत्र मिळवलं आहे, त्यांची नावं लोकांना कळू देत. चांगलं काम करणाऱ्या माणसाचा यात फायदाच आहे. आणि ज्यांच्यासोबत असं काही घडलं आहे त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी, जळलेली वायर फेकून देऊ नये, फोटो काढून ठेवावेत. आमच्याकडचा तो वितळलेला जोड मी पिशवीत घालून जपून ठेवला आहे.

आमच्या सोसायटीनं ठराव केला आहे. परवान्याची प्रत आणि काम करणाऱ्यांची नावं सेक्रेटरीकडे दिल्याशिवाय यापुढे इमारतीवर एकही आउटडोअर चढणार नाही, आणि बेल्टशिवाय कोणालाही छज्जावर उतरू दिलं जाणार नाही. शहरातल्या इतर सोसायट्यांनीही असा ठराव करावा. त्याचा मसुदा आम्ही मागेल त्याला देऊ.

यंदा आमच्या इमारतीत आणखी काही घरांना एसी घ्यायचे आहेत. वरच्या मागण्या मान्य असलेल्या दुकानदारांनी तसं दुकानाच्या दर्शनी भागात लिहून लावावं. आम्ही एसी तिथूनच घेऊ, आणि योग्य जोडणीचे योग्य पैसे वेगळे देऊ.

आपली,
राजारामपुरीतील एक ग्राहक
कोल्हापूर